दारू सोडल्यावर झोप येत नाही: आधी काय करायचं, नंतर काय

“दारू सुटली, पण झोप गेली.” व्यसनमुक्ती वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. सांगणाऱ्याला दारू सोडून दहा-बारा दिवस झालेले असतात. डोळे तारवटलेले, आवाज बसलेला. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, “मॅडम, डॉक्टरांना सांगून एक गोळी तेवढी लिहून द्या.”

इथे घरोघरी तीन चुका होतात. काही जण “फक्त झोपेपुरती नाइंटी” म्हणून पुन्हा सुरू करतात. काहींना मेव्हणा किंवा मित्र ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देतो. आणि काही घरं “आधी दारू तर सुटू दे, झोप येईल आपोआप” म्हणत महिनेच्या महिने काढतात. तिन्हींचा शेवट बऱ्याचदा एकाच ठिकाणी होतो. न झोपलेल्या माणसाची चिडचिड वाढते, तलफ वाढते, आणि रात्री दोन वाजता त्याला तोच उपाय आठवतो जो त्याने वर्षानुवर्षं वापरला आहे.

या झोपेवर उपचार आहे आणि तो दारूच्या उपचारासोबतच सुरू करता येतो. फक्त क्रम पाळावा लागतो. खालचे टप्पे दारू सोडणाऱ्यासाठी आहेत, तसेच त्याच्यासोबत रात्र जागणाऱ्या बायको, आई, मुलांसाठीही. दारू सोडणारी स्त्री असेल तरी टप्पे हेच.

## सुरुवात करण्याआधी: एक कागद आणि एक पिशवी

कागदावर तीन गोष्टी लिहा.

१. रोज किती आणि कोणती. “थोडीशी” हा शब्द चालणार नाही. किती क्वार्टर, देशी की विदेशी, सकाळी उठल्या उठल्या लागते का.

२. शेवटचा घोट कधी घेतला. तारीख आणि तास, दोन्ही.

३. पूर्वी दारू बंद केली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का, दाखल करावं लागलं होतं का.

पिशवीत घरातली सगळी औषधं भरा. शर्टाच्या खिशातली, गादीखालची, गाडीच्या डिकीतलीही. एका ताईंनी नवऱ्याच्या पँटच्या चोरखिशातून निघालेली कापलेली स्ट्रिप आणली होती. चार गोळ्या उरलेल्या, आणि नाव छापलेला कोपरा नेमका कापून गेलेला. मागची लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाची खूण, तेवढी दिसत होती. ती झोपेची गोळी आहे की आणखी काही, हे कळेपर्यंत डॉक्टरांना पुढचा निर्णय घेता येईना. म्हणून सुटी गोळीसुद्धा पिशवीत टाका, नाव माहीत नसलं तरी.

## टप्पा १: पहिला आठवडा, जेव्हा झोप न येणं हा धोक्याचा इशारा असतो

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली की मेंदू खवळतो. वर्षानुवर्षं दारूने दाबून ठेवलेली यंत्रणा एकदम मोकाट सुटते. हात कापतात, घाम येतो, छाती धडधडते, मळमळतं आणि झोप पूर्ण उडते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हे सुरू होतं. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत जास्त असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: माणूस वेळ-जागा विसरतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. यात उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांतली निद्रानाशाची तक्रार निव्वळ झोपेची तक्रार समजू नका. हा विड्रॉवलचा, म्हणजे दारू थांबल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचा, भाग आहे आणि त्याचा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

सावधान: रोज पिणाऱ्याने, सकाळी हात कापतात म्हणून पिणाऱ्याने, किंवा पूर्वी फिट आलेल्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. नवस, शपथ, माळ घालणं हे सगळं करा, पण डॉक्टरांना भेटून तारीख ठरवा.

या दिवसांत डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपाम अशी औषधं देतात. ती फिट आणि भास टाळण्यासाठी असतात. डोस रोज कमी करत साधारण आठवडाभरात, कधी थोड्या जास्त दिवसांत, बंद केला जातो. झोपही त्याने लागते आणि इथेच पहिली मोठी चूक होते: उरलेल्या गोळ्या “असू देत, लागतील” म्हणून कपाटात ठेवल्या जातात. कोर्स संपला की उरलेली गोळी परत करा.

दुसरी चूक सलाइनची. अशक्तपणा वाटतो म्हणून जवळच्या क्लिनिकमध्ये जाऊन ग्लुकोज चढवून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. दारूमुळे शरीरातलं थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, खालावलेलं असतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सलाइन लावण्याआधी स्पष्ट सांगा, “हे रोज दारू पितात, आधी बी-१ द्या.” लाज वाटून हे लपवलं तर डॉक्टरांना कळायला दुसरा मार्ग नाही.

तपासा: फिट, भास, बरळणं, ताप, सतत उलट्या, चालताना तोल जाणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

## टप्पा २: पुढे काय होणार, हे आधीच ऐकून ठेवा

हात कापणं थांबतं, भूक लागते, चेहरा उजळतो. झोप मात्र मागे राहते. अनेकांची झोप काही आठवडे, काहींची कित्येक महिने तुटक राहते. हे माहीत नसलं की पंधराव्या रात्री माणूस म्हणतो, “माझं बिघडूनच गेलंय, आता पिल्याशिवाय इलाज नाही.”

दारूने झोप लागते, हे खरं आहे. पण ती टिकत नाही. एक तीस मिलीचा पेग शरीरातून जायला ढोबळमानाने तास-दीड तास लागतो. रात्री नऊला क्वार्टर संपवली तर पहाटे तीन-चारच्या सुमारास दारू उतरत येते आणि दाबलेला मेंदू उसळी मारतो. पिणाऱ्यांना पहाटे दचकून जाग येते, घसा कोरडा, छाती धडधडत, ती यामुळे. म्हणजे पीत असतानाही झोप चांगली नव्हतीच. फक्त ती लागायला वेळ लागत नव्हता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. दारूमुळे स्वप्नांची झोप दबलेली असते. दारू थांबली की ती जोराने परत येते. भडक, लांबलचक, कधी भयंकर स्वप्नं पडतात. स्वप्नात आपण पीत आहोत असं दिसतं आणि जाग आल्यावर तोंडात चवसुद्धा जाणवते. लोक या स्वप्नाने घाबरून जातात, बायकोला सांगत नाहीत. सांगा. हे स्वप्न म्हणजे स्लिप (सोडल्यानंतर पुन्हा पिणं) नव्हे, आणि तुम्ही पुन्हा पिणार असा त्याचा अर्थही नव्हे.

## टप्पा ३: झोप पळवणारी दुसरी कारणं शोधा

हा टप्पा गाळला जातो, कारण सगळा दोष दारूवर ढकलणं सोपं असतं. पण खालचं एखादं कारण शिल्लक राहिलं तर पुढचे टप्पे फोल जातात.

घोरणं. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबून गुदमरल्यासारखं होणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणं: ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं आहेत. जाड मान, वाढलेलं पोट आणि ब्लड प्रेशर असेल तर शंका आणखी घट्ट. घरच्यांनी रात्री दोन-तीन मिनिटांचा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवावा. वर्णन करण्यापेक्षा ते फार उपयोगी पडतं. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी अडतो.

पाय. संध्याकाळी आडवं झालं की पायात काहीतरी वळवळतं, ओढ लागते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि उठून चाललं की बरं वाटतं. लोक “पाय चावतात” म्हणतात. लोहाची कमतरता हे त्याचं एक मोठं कारण. फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करतात, पण यकृताला सूज असेल तर फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसू शकतं, म्हणून सोबत ट्रान्सफरिन सॅच्युरेशन ही लोहाची दुसरी तपासणीही बघायला सांगा. सर्दीच्या आणि खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो. तळपायांची आग आणि बधिरपणा असेल तर नसांचा त्रास असू शकतो, तोही दाखवा.

तंबाखू आणि चहा. दारू सुटली की तंबाखू वाढते. मावा, गुटखा, मशेरी, विडी, सगळ्यात निकोटीन आहे आणि निकोटीन जागं ठेवतं. रात्री जाग आली की उशाजवळच्या पुडीतून चिमूट दाढेत धरायची सवय अनेकांना असते. त्यांना वाटतं त्याने शांत होतं. होतं उलटं. चहाचाही हिशोब करा. दारूच्या जागी दिवसाला दहा-बारा कप चहा घेणारे मी बघितले आहेत.

मन. दारू थांबवून तीन-चार आठवडे झाले तरी उदास वाटणं, कशातच रस न वाटणं, पहाटे जाग येऊन नको ते विचार येणं चालू असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला वेगळा उपचार लागतो.

सावधान: झोप नाही आणि “जगून काय करू” असं बोलणं, हे दोन्ही एकत्र आले तर माणसाला एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

औषधांच्या वेळा. चालू औषधांतलंच एखादं झोप उडवत असेल. तलफ कमी करणारं नॅल्ट्रेक्सोन किंवा काही नैराश्याच्या गोळ्या रात्री घेतल्या तर काहींची झोप जाते, त्या सकाळी घेता येतील का विचारा. डायसल्फिरामने (हे चालू असताना दारू प्यायली तर त्रास होतो) काहींना दिवसा गुंगी येते, त्यांनी रात्रीच्या डोसबद्दल विचारावं. परस्पर वेळ बदलू नका, विचारून बदला.

छातीत जळजळ, रात्री वारंवार लघवी, वाढलेली साखर, जुनी पाठदुखी याही गोष्टी त्याच भेटीत सांगून टाका.

## टप्पा ४: कॅलेंडरवर सात दिवस

झोपेचा उपचार अंदाजावर चालत नाही. त्यासाठी वेगळी वही आणली की ती तिसऱ्या दिवशी हरवते, असा माझा अनुभव. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र हरवत नाही. ज्या चौकटीत दुधाचा खाडा लिहिता, तिथेच चार आकडे लिहा: अंथरुणात किती वाजता गेलो, झोप लागायला साधारण किती वेळ लागला, रात्री जागे मिळून किती वेळ होतो, सकाळी किती वाजता उठलो. दुपारी झोपला असाल तर “दु” असं अक्षर आणि मिनिटं.

सकाळी उठल्यावर, चहा घेताना लिहा. रात्री लिहू नका. रात्री घड्याळ बघितलं की “साडेतीन वाजले, आता काय झोप येणार” हा हिशोब सुरू होतो आणि त्याच हिशोबाने माणूस जागा राहतो. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पाच-दहा मिनिटांची चूक चालते.

तपासा: सात दिवसांपैकी किमान पाच दिवसांच्या नोंदी पूर्ण आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका, आणखी काही दिवस लिहा.

## टप्पा ५: उठण्याची वेळ पक्की, अंथरूण फक्त झोपेसाठी

सीबीटी-आय नावाच्या, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा हा गाभा आहे. निद्रानाशासाठी गोळीच्या आधी हीच पद्धत वापरावी असं जगभरातले वैद्यकीय सल्ले सांगतात, आणि दारू सोडलेल्या माणसांतही तिने झोप सुधारते. नियम पाच आहेत.

१. उठण्याची वेळ रोज एकच. रविवारी, सणाला, रात्री दोनदा जाग आली तरीही. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते, म्हणून खुंटी तिथे ठोकायची.

२. झोप दाटून आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. थकवा वेगळा, झोप वेगळी. पापण्या जड होतात, मान कलते, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, ती झोप.

३. अंदाजे वीस मिनिटं झाली आणि झोप नाही, तर उठायचं. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं: डाळ निवडणं, कपड्यांच्या घड्या, जुनं मासिक. टीव्ही आणि मोबाइल नाही. झोप आली की परत जायचं. रात्रीत चार वेळा करावं लागलं तरी करायचं.

४. अंथरुणात खाणं, हिशोब, भांडण, फोन, काही नाही.

५. दिवसा झोपायचं नाही. अगदीच गाडी चालवायची असेल आणि डोळे मिटत असतील तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं.

हे ऐकल्यावर पहिला प्रश्न येतो, “मॅडम, आमची दहा बाय बाराची खोली. उठून जायचं कुठे?” बरोबर प्रश्न आहे. पुस्तकातले नियम वेगळी बेडरूम असलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात. पण जमिनीवर अंथरूण घालणाऱ्याला एक सोय आहे जी पलंगावाल्याला नाही: अंथरूण गुंडाळता येतं. सकाळी उठलं की गादी गुंडाळून भिंतीला लावा आणि रात्री झोप आल्याशिवाय घालू नका. दिवसभर त्याच गादीवर लोळणं, टीव्ही बघणं, जेवणं बंद. मध्यरात्री उठावं लागलं तर ओट्याजवळ पाट टाकून बसा, किंवा उंबऱ्याशी. मी एका दादांना बघितलंय, बाहेरच्या पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते रोज रात्री मुलाच्या शाळेचे बूट पुसायचे. दोन आठवड्यांत बूट पुसून होण्याआधीच जांभया यायला लागल्या.

घरच्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर नवरा रात्री दोन वाजता दाराशी उठून गेला की बायकोचा जीव टांगणीला लागतो. “अहो, कुठे निघालात?” “कुठे नाही गं, इथेच बसतोय, डॉक्टरांनी सांगितलंय.” हे संभाषण पहिल्याच दिवशी संध्याकाळी, दिवे लागलेले असताना करून टाका. घराची बाहेरची किल्ली कुणाकडे राहील हेही दोघांनी मिळून ठरवा, लपवून नको.

नेहमीची चूक: दोन रात्री करून “काही उपयोग नाही” म्हणणं. पहिले चार-पाच दिवस झोप उलट कमी होते. किमान दोन आठवडे नेटाने करायचं असं ठरवूनच सुरुवात करा.

शिफ्टवाल्यांसाठी उठण्याची एकच वेळ शक्य नसते. दर आठवड्याला शिफ्ट फिरत असेल तर पहिले दोन-तीन महिने एकच पाळी मिळेल का, यासाठी डॉक्टरांचं पत्र घेऊन सुपरवायझरशी बोला. विनंती करायला हरकत नाही.

## टप्पा ६: अंथरुणातला वेळ मोजून कमी करणं

टप्पा ५ दोन आठवडे करूनही रात्र तुटतच असेल तर हा टप्पा. तो शक्यतो समुपदेशक किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा.

माणूस झोप मिळत नाही म्हणून लवकर आडवा होतो, उशिरापर्यंत लोळतो, आणि तेवढीच झोप लांब वेळात पातळ पसरते. ती घट्ट करण्यासाठी वेळ आखडायचा. उदाहरण घेऊ. कॅलेंडरवरच्या आठवड्याची सरासरी अशी निघाली: रात्री साडेनऊला अंथरुणात, सकाळी सहाला बाहेर. म्हणजे साडेआठ तास, ५१० मिनिटं. त्यात खरी झोप सव्वापाच तास, ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ५१०, म्हणजे साधारण ६२ टक्के. चांगली झोप म्हणायला हा आकडा ८५ च्या आसपास हवा.

आता खरी झोप अधिक अर्धा तास, असा पावणेसहा तासांचा वेळ ठरवा. उठायचं साडेपाचला असेल तर अंथरुणात जायचं रात्री पावणेबाराला. त्याआधी नाही, कितीही पेंग आली तरी.

आठवड्याने पुन्हा आकडा काढा. ८५ टक्क्यांच्या वर गेला तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० ते ८५ असेल तर तसंच चालू ठेवा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी करा, पण साडेपाच तासांच्या खाली कधीही जाऊ नका. असं करत दर आठवड्याला वेळ वाढत जातो.

सावधान, यांपैकी काही असेल तर हा टप्पा करू नये: विड्रॉवलचे पहिले तीन आठवडे चालू असतील, कधीही फिट आली असेल, बायपोलर आजार असेल, उपचार न झालेला अ‍ॅप्निया असेल. ट्रक, रिक्षा, एसटी चालवणारे, प्रेस मशीन किंवा उंचीवर काम करणारे यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. झोप कमी झाली की फिट येऊ शकते, आणि दिवसा डोळा लागून अपघात होतो.

## टप्पा ७: सात ते अकरा

संध्याकाळी सातनंतरचे तास दारूचे होते. ते आता रिकामे झाले आहेत आणि माणूस तिथे एकटा बसला की तलफ आणि काळजी दोन्ही येऊन बसतात. झोपेची तयारी रात्री अकराला सुरू होत नाही, ती इथे होते.

शेवटचा चहा दुपारी तीन-चारला. पिणाऱ्यांची जेवणाची वेळ अकरा-बारापर्यंत घसरलेली असते, ती आठ-साडेआठवर आणा. सातच्या सुमारास घराबाहेर पडा: चालणं, देऊळ, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग (दारू सोडणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी बैठक) जवळ असेल तर ती. फक्त रस्ता बदला, जुन्या परमिट रूमवरून जाणारा नको. शेवटची तंबाखू झोपण्याच्या दोन तास आधी आणि पुडी उशाशी नाही.

कर्ज, नोकरी, बंद झालेलं बोलणं, हे सगळं दारू उतरल्यावर एकदम समोर उभं राहतं. त्यासाठी संध्याकाळी सहा ते साडेसहा या वेळात एक कागद घ्या, काळजी लिहा आणि प्रत्येकीसमोर उद्याचं एक छोटं काम लिहा. “सोसायटीचा हप्ता: उद्या सकाळी सेक्रेटरींना फोन.” रात्री तीच काळजी आली तर तिला सांगायला उत्तर असतं: लिहिलंय.

## टप्पा ८: औषधं, सगळ्यात शेवटी आणि चिठ्ठीवरच

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम. डिटॉक्स, म्हणजे टप्पा १ मधला उपचार, संपल्यावर झोपेसाठी या गोळ्या नकोत. पहिल्या रात्री फार छान वाटतं. मग एकाच्या दोन होतात, बंद केली की झोप आणखी उडते, आणि दारूच्या जागी गोळीचं व्यसन येऊन बसतं. त्यावर दारू प्यायली गेली तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. आधीच महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम थांबवू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

आसव आणि अरिष्ट. ही चूक घरच्यांकडून मायेपोटी होते. “आयुर्वेदिक आहे, झोप चांगली लागते” म्हणून अश्वगंधारिष्ट दिलं जातं, भूक लागावी म्हणून द्राक्षासव. आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे तयार झालेला अल्कोहोल असतो, साधारण ५ ते १० टक्के. दोन झाकणांनीही तलफ चाळवू शकते. डायसल्फिराम चालू असेल तर रिअ‍ॅक्शन येऊ शकते: चेहरा लाल, धाप, धडधड, उलट्या. आयुर्वेदिक औषध घ्यायचं तर वैद्यांना दारूबद्दल सांगून चूर्ण किंवा गोळीच्या रूपात मागा. खोकल्याच्या काही सिरपमध्येही अल्कोहोल असतो, लेबल वाचा.

त्याच ओघात एक कळकळीची विनंती. न सांगता भाजीत डायसल्फिराम मिसळू नका. तसा माणूस पिऊन आला तर घरात जीव जाऊ शकतो.

बाकीची. अ‍ॅकॅम्प्रोसेट तलफ कमी करण्यासाठी देतात आणि काहींची झोपही त्याने सुधारते. मूत्रपिंडाची तपासणी आधी लागते. गॅबापेंटिन काही डॉक्टर वापरतात. त्याचाही गैरवापर होतो, म्हणून मोजून आणि देखरेखीत. ट्रॅझोडोन बरेच डॉक्टर देतात. डिटॉक्सनंतर ते देऊन केलेल्या एका अभ्यासात झोप सुधारली होती, पण गोळी थांबवल्यावर पिण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्यामुळे ती कधी आणि कशी बंद करायची हे सुरू करतानाच विचारून घ्या. क्वेटायपिनने वजन आणि साखर वाढते, नुसत्या झोपेसाठी ते मागू नका.

तपासा: प्रत्येक औषधासाठी डॉक्टरांना तीन प्रश्न: किती दिवस घ्यायचं, कसं बंद करायचं, दारू प्यायली गेली तर काय. गोळ्या घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात, एका वेळी एका आठवड्याच्या.

## टप्पा ९: रात्री दोन वाजता

ही योजना दिवसा लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायची आहे.

उठून बसा, पाणी प्या. ठरलेल्या जागी जा, ठरलेलं काम करा. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ काढायचा आहे. ओसरत नसेल तर घरच्या एका माणसाला उठवा. कोणाला, हे आधी ठरलेलं असावं आणि त्या माणसाने तेव्हा उपदेश करायचा नाही, फक्त शेजारी बसायचं. तरीही जमत नसेल तर मीटिंगमधल्या स्पॉन्सरला (आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला), नाहीतर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा.

स्लिप झाली आणि त्या रात्री गाढ झोप लागली, तर सकाळी मन एकच सांगेल: “बघ, हेच औषध होतं.” पहाटे तीनला आलेली जाग मन विसरतं. म्हणून स्लिपच्या दिवशीही कॅलेंडरवर चार आकडे लिहा, किती प्यायलो तेही लिहा, आणि त्या दिवशी झोपेची कुठलीही गोळी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. पिणं चार-पाच दिवस चाललं असेल तर पुन्हा टप्पा १ पासून, कारण विड्रॉवलचा धोका पुन्हा तेवढाच असतो.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरचं पान फाडून न्या किंवा फोटो काढा. महिनाभराचे आकडे समोर असले की दहा मिनिटांच्या भेटीत निर्णय होतो, नसले तर “बरी आहे जरा झोप” एवढ्यावर भेट संपते. सलग चार आठवडे टप्पा ६ मधला टक्क्यांचा आकडा ८५ च्या आसपास राहिला आणि दिवसा पेंग येत नसेल, तर रोज लिहिणं थांबवा. उठायची वेळ मात्र तीच ठेवा. पुढे सलग तीन रात्री वाईट गेल्या तर लिहिणं परत सुरू करा, आणि चौथ्या दिवशी वॉर्डात फोन करा. त्यासाठी अपॉइंटमेंट लागत नाही.